रबरी तळाचे बूट

सत्तावन्न सालच्या थंडीतली गोष्ट. बारामतीच्या एस. टी. स्टँडावर सरुबाई पेरूची पाटी घेऊन बसली होती. शेजारी म्हातारा गेणबा. पुण्याच्या लाँड्रीतला रामहरी त्याला तिथल्या आगीत मेलेल्या लेकाचं, भिमाचं, गाठोडं द्यायला आला होता.

“आग लागलीच कशी?”

“इस्त्रीच्या रुळातनं सुकी चादर निघाली, की घडी घालताना अंगात वीज साठती, तात्या. ठिणगी उडती. शेजारी कोट धुवायचं पेट्रोल उघडं व्हतं.”

“मग रोज कसं भागायचं?”

“वल्या फरशीवर अनवाणी उभं ऱ्हायचं. वीज पायातनं जमिनीत जाती.”

“पाय भेगाळलं म्हून आमी त्याला रबरी तळाचं बूट धाडलं व्हतं.”

रामहरीनं गाठोडं पुढं सरकवलं.

“त्या दिशी पायात व्हतं का रं?”

“न्हाय, न्हाय! जत्रंला घालीन म्हणायचा. कागदातच ठेवलं व्हतं.”

गेणबानं गाठोडं सोडलं. दोन सदरे, एक धोतर, आरसा.

“ह्यात न्हाईत.”

“चोरीला गेलं, तात्या.”

सरुबाईनं हातातला पेरू हळूच पाटीत ठेवला. गेणबानं गाठ पुन्हा बांधली.

“चल कन्हेरीला, घरी. बूट धाडा म्हून त्याच्या आईनंच धोसरा लावला व्हता. तिलाबी चोरीलाच गेलं म्हून सांग.”