शेटला आणायला

आता ह्या पिशवीत काय हाय म्हणून कोणी विचारू नका, मासे नायत, शाल हाय, बायकोची शाल, आणि ती मी बोईसरला धुवायला नेत नाय की विकायला नेत नाय, एका बोक्याला दाखवायला नेतोय... हसा, हसून घ्या. तशीपण रिक्षा भरल्याबिगर हा रिक्षावाला सोडणार नाय, अजून दोन सीटा रिकाम्या हायत, आणि ह्या पौषाच्या थंडीत माकडटोपी घालून नुसतं कुडकुडत बसण्यापेक्षा मी सांगतो, तुमी ऐका. तुमी सगळे कंपनीत चाललात, तुमाला महिन्याला पगार तरी मिळतो. मी पाच दिवस जातोय आणि हात हलवत परत येतोय, आज सहावा. कशासाठी? तर मांजरासाठी! अहो, मी मांजरांचा माणूस नाय. पाखरांचा तर त्याहून नाय. मी माशांचा माणूस हाय.

तीस वर्षं नवापूरच्या बोटीवर तांडेल होतो मी, सुकाणू माझ्या हातात, खलाशी माझ्या शब्दावर, आणि जाळं तर मी स्वतः विणायचो, असं बारीक की लोक म्हणायचे, कमलाकांतच्या जाळ्यातून नखाएवढा जवळासुद्धा विचारल्याशिवाय बाहेर पडत नाय. ही बढाई ध्यानात ठेवा, पुढं लागणार हाय.

तर गेल्या वैशाखात आमच्या पारूला, माझ्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आता पारूची वाचा म्हणजे काय ते तुमाला ठाऊक नाय, ही बाई मासे विकायला बसली की गिऱ्हाईक पलीकडं घिवली गावातून उठून यायचं. चाळीस वर्षं मी तिला म्हणत आलो, "पारू, जरा गप बस." आणि एक दिवस बसली ना गप! सहा महिने. डॉक्टर म्हणाले, शब्द परत येतील, बोलतं ठेवा. बोलतं ठेवा म्हणजे काय करू? मी बोलायचो, सून बोलायची, पोरगा भावेश कंपनीतून आला की बोलायचा, आणि ती आमच्याकडं बघत राहायची, जशी दुसऱ्याच्या घरी आलीय आणि कधी उठावं ते कळत नाय. मी वादळात कधी घाबरलो नाय, पण त्या बघण्याला घाबरलो, खोटं कशाला सांगू.

मग दिवाळी झाली, थंडी पडली, आणि मागल्या दारी तो पावणा आला. पावणा म्हणजे पाखरू हो, परीट म्हणतात ना तो, मूठभर जीव, पांढराकाळा, चालताना शेपटी सारखी वरखाली, वरखाली. दर वर्षी दिवाळीला येतो, होळीच्या आत जातो, म्हणून पारूनं त्याचं नाव पावणा ठेवलेलं. आमचे बोंबील वाळत असतात त्याच्याखाली माश्या टिपत फिरतो. तर त्या दिवशी पारूला सकाळच्या उन्हात खुर्चीवर बसवलेली, पावणा टुणटुण करत पुढ्यात आला, आणि ही म्हणाली, "आला."

आला! सहा महिन्यांनी एक शब्द! आमची सून दीपिका भांडी घासत होती, तिच्या हातातलं पातेलं सुटून गडगडत पार पायरीपर्यंत गेलं, पावणा भुर्रकन उडाला, आणि मी दीपिकावर ओरडलो, "पातेलं काय टाकतेस, पाखरू घाबरलं ना!" मी. पाखरू घाबरलं म्हणून ओरडणारा मी. दुसऱ्या दिवसापासून बघा, सात वाजले की मी दाराआड उभा, पावणा येतो की नाय, ही म्हणते की नाय... आणि रोज यायचा, रोज म्हणायची, "आला." तेवढ्यावर माझा दिवस जायचा. एका पाखरावर. मी, माशांचा माणूस.

आता शेट. शेट म्हणजे आमचा बोका, पिवळा, डावा कान फाटलेला. नाव पारूनंच ठेवलं, कारण काम नाय, धंदा नाय, जेवणाच्या वक्ताला हजर आणि वर तोंड वाकडं. थंडीत तो पारूच्या पायावर झोपायचा, ह्याच शालीवर, आणि नेमका उजव्या पायावर, ज्याला काय कळत नाय त्याच पायावर. दीपिका म्हणायची, "बाबा, शेट शेक देतो आईंना." मी म्हणायचो, शेक कसला देतो, त्याला फुकटची गादी गावलीय! माझा त्याच्यावर डोळा होता, कारण त्याचा पावण्यावर डोळा होता. तासनतास खुर्चीखाली बसून बघायचा. हातात चप्पल घेऊन मी त्याला समजावलं, "शेट, सगळं खा, हा नाय."

आणि ह्या पौषात मी बोंबील घातले वाळत. चांगले आले होते, थंडीचे, कावळे तर टपूनच. मग मी काय केलं, माळ्यावरनं माझं जुनं बारीक जाळं काढलं आणि बांबूंवरनं खाली पार पाण्याच्या पिंपामागपर्यंत सोडलं, घट्ट बांधलं, चारी बाजूंनी. उरलेलं पिंपामागं गोळा करून ठेवलं. मागं होऊन बघितलं आणि स्वतःलाच म्हटलं, व्वा तांडेल, हात अजून गेला नाय.

दुसऱ्या दिवशी पावणा आला नाय.

पारू दुपारपर्यंत बसून. ऊन गेलं, दीपिका म्हणाली, "आई, आत चला, वारा लागतो," ही हलेना. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाय. तिसऱ्या दिवशी तिनं चहा तोंडाला लावला नाय, आणि परत ते बघणं सुरू झालं, दुसऱ्याच्या घरचं. आणि हा शेट, दोन दिवस पिंपामागं बसून नुसता रडत होता, म्याव म्याव, जाळ्यावर पंजे मारी, मी म्हटलं बोंबलासाठी चाललंय, दोनदा चप्पल फेकून मारली. तिसऱ्या दिवशी त्याच्या मिशीला काय चिकटलेलं? पीस. पांढरं, बारीक. संपलं! माझं डोकं असं फिरलं... गोणी आणली, शेटला धरला, कोंबला, आणि निघालो. पारू दारातनं बघत होती. मी बघितलं नाय तिच्याकडं.

ह्याच रिक्षात बसलेलो. रिक्षावाला म्हणतो, "चाचा, बोरी में क्या है, हिल रहा है?" मी म्हटलं, "मछली है, जिंदा है." थोडा पुढं गेला, परत वळला. "चाचा, आपकी मछली म्याऊ बोल रही है." अख्खी रिक्षा हसली. मी नाय हसलो. बोईसरच्या मच्छीबाजारात गोणी उघडी केली, तो उडी मारून टोपल्यांमागं गेला, आणि मी मागं न बघता आलो. म्हटलं, खा आता जन्मभर.

आणि चौथ्या दिवशी बोंबील वाळले म्हणून मी जाळं सोडायला घेतलं. पिंपामागचा गोळा उलगडला...

मधे होता. पंख असे पसरलेले, पायाला गाठ. माझी गाठ. वास? अहो, बोंबील वाळत असताना वास कुठला कळतो? तो तीन दिवस तिथंच होता, आणि शेट दोन दिवस मला तेच सांगत होता. आता वाचवायला बघत होता की खायला बघत होता ते त्याचं त्यालाच ठाऊक, मी त्याला देव करत नाय. पण पकडला मी. जवळा सुटत नाय ना कमलाकांतच्या जाळ्यातून? मग पाखरू कसं सुटेल.

जास्वंदीखाली पुरला. बोटीवर दोन वेळा मरता मरता वाचलो तेव्हा रडलो नाय मी, त्या मूठभर पाखरासाठी रडलो. मग जाळं घेऊन पारूसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. म्हटलं, पारू, मीच मारला. तिनं डावा हात जाळ्यावर ठेवला, बराच वेळ. मी म्हटलं, आता काय बोलणार नाय ही, संपलं. तर तिनं शालीकडं बघितलं, आपल्या उजव्या पायाकडं बघितलं, आणि म्हणाली, "शेट?"

नवीन शब्द! डॉक्टर ज्याची वाट बघत होते तो दुसरा शब्द, आणि तो मी गोणीत भरून बोईसरला सोडून आलो होतो.

तेव्हापासून चाललंय हे. गावला पहिल्याच दिवशी, त्याच बाजारात, सातपाटीच्या एका मावशीच्या बर्फाच्या पेटीमागं, दोन बोटं जास्त जाड झालेला. मी म्हटलं, "शेट, चल." त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसा मी कर्ज मागायला आलोय. घरनं नेलेला बोंबील पुढं केला, हुंगला आणि मान फिरवली. त्याला मावशीचेच मासे पायजेत! आणि मावशी म्हणते, "उभं राहायचं तर काय तरी घ्या, माझं गिऱ्हाईक अडतंय." घेतले. काय करतो! मग तिनं नीट बघितलं मला. "अगं बाई, तुमी नवापूरचे तांडेल ना? तुमी मासे इकत घेता?" आजूबाजूच्या सगळ्या बाया वळल्या. मी म्हटलं, थंडीत कमी गावतात.

पाच दिवस मासे घेतो, शेटला खाऊ घालतो. तो खातो, मिशा पुसतो आणि मी धरायला हात पुढं केला की पेटीमागं जातो. चपलेचा हिशोब लक्षात ठेवलाय त्यानं. आणि घरी गेलो की पारू खुर्चीतनं विचारते, "आला?" हाच शब्द, पण आता विचारते. मी म्हणतो, उद्या. ती माझ्याकडं बघते, आणि ते बघणं आता दुसऱ्याच्या घरचं नाय, आपल्याच घरचं हाय, चांगलंच रागाचं. ते मला चालतं. म्हणून आज ही शाल. हिला पारूचा वास हाय, बघू ओळखतो का. नाय ओळखला तर उद्या, नायतर परवा, होळीपर्यंत जाईन मी.

चला, भरली वाटतं रिक्षा. सरका जरा. आणि हो, येताना कोणाला मासे आणायचे असतील तर आताच सांगून ठेवा, लाजू नका... मावशी मला ताजे देते, मी रोजचं गिऱ्हाईक हाय तिचं.