तात्या पाटलांचा क्रायटेरिया

इंग्रजी सुधारल्याने कुणाचं नुकसान होत नाही असं वाटत असेल, तर आमच्या तात्या पाटलांना विचारा. अंजूरच्या शेतात त्यांनी गोदाम बांधलं, तेव्हा सुपरवायझर हवा म्हणून फाटकावर पाटी लावायची होती. मजकूर लिहायला मला बोलावलं. निवृत्तीनंतर मी फुकट लिहून देतो आणि चुकाही फुकट काढतो.

“क्रायटेरिया लिवा, भाऊ. मानूस गाववाला पायजे.”

मी म्हटलं, “तात्या, अट एकच असेल तर क्रायटेरियन म्हणतात. क्रायटेरिया म्हणजे अनेक.”

एवढ्या मोठ्या गोदामाला एकच अट, हे तात्यांना कमीपणाचं वाटलं. “मंग वाढवा की! ग्रॅज्युएट पायजे. इंग्लिश फाडफाड पायजे. तंबाखू खानारा न्हाय पायजे.”

चहा घेऊन आलेल्या काकूंनी कप आपटले. “अवो, ही नोकरी आपल्या घरजावयाला द्याची ठरलीय ना? त्यो धाव्वी नापास, आनि तोंडात सदा तंबाखू!”

तात्यांनी चहा संपवला. मग माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाले, “भाऊ, तुमचा तो एकट्याचा शब्द कंचा? त्योच लिवा. आमाला जावय पन एकच हाय.”