सव्वादोनच्या हाताचं मीठ

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. आई गेली की माहेर जातं कुठं? घर तेच, उंबरा तोच, दारातला वेलही तोच. मग माहेर कुणाच्या पदराला बांधून जातं? सांगा की! पुढं बसलेल्या मावश्या लगेच डोळे पुसायला लागल्या. थांबा हो! आधी हसायचं आहे!

निंबगावात रंगनाथ कासार होता. गावातल्या झाडून साऱ्या बायकांच्या हातात यानं बांगड्या भरलेल्या. मनगट नुसतं धरलं की बांगडीचं माप सांगणार, ‘काकू, अडीच!’ पण मंडळी, हजार हात धरलेल्या या माणसानं आयुष्यात पळी धरली नव्हती! आमचे मृदंगबुवा हसताहेत. बुवा, तुम्ही कधी धरली होती? नाही ना? मग वाजवा!

रंगनाथाची बायको अनुसया पाच महिन्यांमागं वारली. आणि लेकीचा, गजराचा, सासरहून निरोप आला : ‘आबा, येते, पण जेवून येते. चारच्या एसटीनं परत. आईवाचून त्या घरात घास उतरायचा नाही.’

रंगनाथाच्या काळजात कच्चकन तुटलं! म्हणाला, ‘जेवून येते? माहेराला? तिच्या आईची दोडक्याची भाजी मीच करतो!’

दारी दोडक्याचा वेल, त्याला पिवळं गं फूल
लेक दुरून विचारी, घरी पेटली का चूल?

पेटली! अशी पेटली की शेजारी कळशी घेऊन धावले! धूर सरला. रंगनाथानं दोडका सोलला, चिरायला घेतला – आणि कासाराचा हात तो! गोल गोल चकत्या पाडल्या, मधला गर बोटानं काढून टाकला. ताटात काय? बाहुलीच्या बांगड्या! हिरव्यागार! वर खुशीत मान डोलावतोय – ‘वा! सगळ्या एका मापाच्या!’

तेल तापलं, मोहरी तडतडली. लसूण पडला, मिरची पडली, भिजवलेली मूगडाळ पडली, वर त्या बांगड्या – छुन्न! झाकणावर पाणी ठेवलं. आता मीठ. आणि इथं गाडं अडलं!

का? त्या घरात कालिकामातेला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी चाखायचं नाही. अनुसयेनं जन्मात चाखलं नाही, आणि जन्मात तिचं मीठ चुकलं नाही! रंगनाथ शेजारणीच्या कुंपणाशी धावला.

‘हौसाकाकू, दोडक्याला मीठ किती?’

‘घाला की चिमूटभर!’

‘कुणाची चिमूट?’

‘आता गं बया! चिमटीला काय मालक असतो?’

‘असतो तर! तुमचा हात अडीच. पलीकडच्या कोंडाबाईचा दोन आणि सहा आणे. अनुसयेचा होता सव्वादोन! तुमच्या चिमटीनं भाजी खारट व्हायची!’

‘कासारदादा,’ काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, ‘तीस वर्षं बांगड्या भरताना माझा हात दाबदाबून चेपलात, नि आज मोठा म्हणता?’

मग सुरू झाला शोध! रंगनाथ गल्लीभर हिंडतोय – ‘सव्वादोनचं कुणी आहे का?’ एक सापडली : पाटलांची नवी सून. ती म्हणते, ‘मामा, मला चहासुद्धा येत नाही!’ तिकडं चुलीवर भाजी रटरटतेय, आणि इकडं...

इकडं गजरा दारात उभी!

डोळे आधीच भरलेले. आईचं स्वयंपाकघर कसं बघावं, म्हणून खाली मान घालून आत गेली. मोहरी पायाखाली, पीठ भिंतीवर, आणि आबांच्या मिशीला हळद! तिनं झाकण काढलं.

‘आबा... ही भाजी आहे का चुडा?’

आणि ती हसली, मंडळी! पाच महिन्यांत पहिल्यांदा! अशी हसली की भिंतीला टेकून खाली बसली. आबाही हसायला लागले. हसता हसता दोघांचं रडणं कधी झालं, ते त्या चुलीलाच ठाऊक.

रंगनाथानं मिठाचं भांडं पुढं केलं. ‘बयो, सगळं केलं. मीठ तेवढं राहिलं. साऱ्या गावात तो हात मिळेना.’

‘कोणता हात?’

त्यानं लेकीचं मनगट धरलं. रोजच्या सवयीनं चेपलं. आणि थबकला!

‘सव्वादोन! अगं, लग्नात मीच चुडा भरला की तुझा! तुझ्या आईचा हात घरात नाही म्हणून मी गावभर फिरतोय, आणि तो तू सासरहून घेऊन आलीस!’

गजरानं चिमूट सोडली. नैवेद्य दाखवला. जेवून आलेली लेक तीन भाकरी जेवली! चार वाजता फाट्यावर एसटीचा भोंगा वाजला.

‘बयो, गाडी!’

‘जाऊ दे आबा. संध्याकाळी दोडका कसा चिरतात ते दाखवते तुम्हाला.’

दारी दोडक्याचा वेल, त्याचा मांडवाला भार
ज्यानं पेटविली चूल, तोच माहेराचं दार

आता बापेमंडळींनो, इकडं बघा! आज जेवून आलात ना? मीठ बरोबर होतं? ते घालणाऱ्या हाताचं माप ठाऊक आहे कुणाला? नाही? मग घरी जा, तो हात एकदा हातात घ्या – आणि उद्याचा दोडका तुम्ही चिरा. बांगड्या झाल्या तरी चालतील! माता कालिका गोड मानून घेईल. म्हणा, उदो गं आई, उदो!