आधी आठाने भागा

इंटरनेटची केबल ओढणारा लाइनमन खांबावरून डोक्यावर पडला होता. दवाखान्यात त्याची बायको पडद्याबाहेर जीव मुठीत धरून ऐकत होती.

"डोक्याचा स्कॅन मोठ्या डॉक्टरांना पाठवतोय. चारशे ऐंशी मेगाबाइट आहे, लाइन बत्तीस मेगाबिटची. पंधरा सेकंदांत जायला हवा होता. रद्द करून पुन्हा पाठवतो."

"थांबा, डॉक्टर. आधी आठाने भागा."

"कशाला?"

"आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे सेकंदाला चारच मेगाबाइट जातात. दोन मिनिटं धरा."

"...गेला की हो. बरोबर दोन मिनिटांत."

थोड्या वेळाने फोन वाजला.

"आत रक्तस्राव नाही म्हणतायत, दादा."

बायकोने घरी फोन लावला.

"सासूबाई, रडू नका. ह्यांनी आत्ताच डॉक्टरांचं गणित सुधारलं."