ताईला झोपलेलं कुणी पाहिलं नाही

सर्वांना जयभीम. ताईच्या शोकसभेला तुम्ही एवढे सगळे आलात, विहारात पाय ठेवायला जागा नाही. मी सुनंदाताईची धाकटी बहीण, कोपरला राहते. आज मी गप्प बसणार नाहीये.

माझ्याआधी तिघं बोलले. कांबळेकाका म्हणाले, 'सुनंदाला झोपलेलं कुणी पाहिलं नाही.' खरंय काका. पहाटे नळाला पाणी आलं की उठायची ताई. सगळ्यांचे डबे करायची ताई. सगळे आडवे झाले की शिलाई मशीनवर बसायची, तीही ताईच. वर्षानुवर्षं. आणि आपण म्हणायचो, वा, काय बाई आहे!

मग ती विसरायला लागली. आधी गॅस, मग नावं. एकदा मी शेजारी बसलेले, तर मला म्हणते, 'बाई, तुम्ही कुणाकडे आलात?' अहो, मला तिनं कडेवर खेळवलेलं! चाळीत लोक म्हणाले, वेड लागलं. वेड नव्हतं ते. डिमेन्शिया होता. आजार होता.

ठाण्याच्या डॉक्टरबाईंनी मला समजावलेलं. मेंदू दिवसभर काम करतो, त्याचा कचरा होतो. गाढ झोपेत मेंदूतलं पाणी तो कचरा धुऊन नेतं. झोप सारखी मोडली तर कचरा साचत जातो, आणि या आजाराशी त्याचा संबंध दिसतो. मी विचारलं, 'म्हणजे ताई झोपली नाही, म्हणून?' त्या म्हणाल्या, 'तसं खात्रीनं नाही सांगता येणार. कारणं बरीच असतात. पण झोप म्हणजे आळस नाही, एवढं घरी सांगा.'

म्हणून सांगतेय. मला कुणाला दोष द्यायचा नाही. पण बाईच्या न झोपण्याचं कौतुक बंद करा. आजपासून बंद.

आणि संजय, तू ताईचा मुलगा, तुला सगळ्यांसमोर सांगते. ताई आजारी पडल्यापासून पहाटे तुझी बायको उठते. काल कुणीतरी म्हणालं, 'स्मिता अगदी सासूवर गेलीय.' नाही जाणार ती सासूवर! उद्यापासून पाणी तू भरायचं. नुसती मान हलवू नकोस, बोल. काय? मोठ्यानं. हां, आता ऐकलं सगळ्यांनी.

आपण श्रद्धांजलीला उभे राहतो ना? आज नको. आज बसूनच, डोळे मिटून, शांत. अगं स्मिता, तो चहाचा ट्रे ठेव खाली. कुणी चहावाचून मरत नाही. ये, माझ्याजवळ बस. टेक डोकं. मिट डोळे.

कुणी हिला उठवायचं नाही.