सोबत कोण होते?

मंडळी, ऐका! आज आधी प्रश्न, मग गोष्ट. खोटं कशाला म्हणायचं? जे घडलंच नाही ते घडलं म्हणून सांगितलं, ते खोटं. बरोबर? हलल्या माना! पण सांगणाऱ्याला ते घडलंय असंच वाटत असेल तर? — थांबल्या माना! मागे खांबाशी बसलेल्या आबांनी तर डोळेच मिटले. मिटा हो, पण घोरू नका म्हणजे झालं!

तर आमच्या गावात एक टेंभे मास्तर आले. मूळचे बाहेरगावचे. तीस वर्षं एस.टी. चालवली, कुणाला खरचटूसुद्धा दिलं नाही. निवृत्त झाले नि गाडी शिकवायचा क्लास काढला. नियम त्यांचा स्वतःचा, आणि कडक! दहा तास मास्तरांबरोबर, वीस तास घरच्या लायसनवाल्या माणसाबरोबर. त्याशिवाय परीक्षेला पाठवणार नाहीत. प्रत्येकाला एक वही. वहीत तीन रकाने — तारीख, किती वेळ, आणि सोबत कोण होते.

त्या क्लासात गेल्या मंदाकाकू खरवडे. वय छप्पन्न. गाडी दारात उभी, चालवणारा देवाघरी. एकुलती लेक लांब दिलेली, तिला सातवा महिना. डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलेलं, म्हणजे माहेरी येणं बंद! एस.टी. दोनदा बदलायची, तीही मिळाली तर. काकूंनी ठरवलं — लेकीच्या वेळेला मी स्वतः गाडी घेऊन पोचणार!

पण सोबतीला लायसनवाला आणायचा कुठून? पुतण्याला विचारलं. "काकू, रविवारी बघू!" रविवार आले नि गेले. समोरच्या साहेबांना विचारलं. "माझी कंबर धरलीय हो!" आळीत चौथ्या घरात एक कीर्तनकार बुवा. पोट सुटलेलं, जिभेवर साखर. त्याच्याकडे गेल्या. "बुवा, अर्धा तास शेजारी बसता का? नुसतं बसायचं." बुवा म्हणाला, "बसलो असतो हो काकू! पण आज कीर्तन आहे ना!" हसताय? हसा. पण हे वाक्य लक्षात ठेवा.

मग एके दिवशी दुपारी काकू एकट्याच अंगणात उभ्या गाडीत जाऊन बसल्या. जन्मभर डाव्या बाजूला बसलेली बाई, आज उजवीकडे बसली. डाव्या सीटवर ठेवली यजमानांची लोकरीची टोपी. क्लच दाबला, गिअर टाकला, काढला. इंजिन बंदच! आणि बोलायला लागल्या — "अहो, पडला का नीट दुसरा? ओरडू नका हं! आणि ऐका ना, लेकीचे पाय सुजलेत म्हणे…" तासभर बोलल्या. अहो, त्या घरात दिवसभरात कुकरच्या शिट्टीखेरीज आवाज नाही! दोन भाकऱ्या थापायच्या, एक खायची, एक सकाळी शिळी खायची. कुणाशी बोलणार बाई?

आत आल्या, वही उघडली. तारीख लिहिली. एक तास लिहिला. आणि सोबत? आपल्याकडे त्या वयाची बाई नवऱ्याचं नाव घेते का? लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच! काकूंनी लिहिलं — "हे".

एकच अक्षर, मंडळी! वीस दिवस, वीस वेळा — "हे", "हे", "हे". काकू टिकली लावायच्या. आता नवरा गेल्यावरही लावतात बायका, चांगलंच आहे. मास्तरांना काय कळणार? वही बघून म्हणाले, "वा! यजमान रोज बसतात शेजारी? लाखात एक माणूस हो!" काकू नुसत्या हसल्या.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी मास्तरांनी पुलाच्या चढावर गाडी थांबवायला लावली. "हं, आता उचला." काकूंनी ब्रेक सोडला — आणि गाडी मागे! मागे स्कूटर, स्कूटरवर एक बाई, तिच्या पुढ्यात उभी चिमुरडी! "ब्रेक! काकू, ब्रेक!" काकूंचा पाय क्लचवरच! मास्तरांनी हँडब्रेक ओढला. गाडी थांबली तेव्हा मध्ये अंतर उरलं होतं वीतभर. हे एवढं!

मास्तर भडकले. "वीस तास चालवलीत ना? तुमच्या ह्यांनी चढावर एकदाही थांबवली नाही?"

काकू म्हणाल्या, "हे जाऊन चौदा महिने झाले, मास्तर."

मग काकूंनी टोपीपासून सगळं सांगितलं. ऐकून मास्तरांचे डोळे भरले. मोह कसा येतो बघा! कडक माणूस विरघळला. "लेकीची वेळ जवळ आलीय. मी करतो सही. सराव नंतर करा."

काकूंनी वही ओढून घेतली. "नको. त्या स्कूटरवाल्या बाईची घरी कुणीतरी वाट बघत असेल. माझी कुणी बघत नाही, म्हणून मी तिच्यावर गाडी घालू का?" आणि तिथेच, वीस वेळा, "हे"वर रेघ मारली. नवऱ्यावर रेघ मारली हो बाईनं! आणि प्रत्येक रेघेपुढे लिहिलं — "कोणी नाही".

लेक बाळंत झाली. काकू दोन एस.टी. बदलून तिसऱ्या दिवशी पोचल्या. नात झाली, पण पहिलं रडणं काही कानावर पडलं नाही. खऱ्याची एवढी किंमत दिली त्या बाईनं.

मास्तरांनी ती वही मला दाखवली. म्हणाले, "बुवा, तुमच्याच आळीतल्या ना ह्या?"

होय मंडळी. चौथ्या घरातला तो बुवा मीच! आणि त्या दिवशी कीर्तन नव्हतं. मी जेवून लोळत पडलो होतो. खिशात वीस वर्षांचं लायसन!

काकू लेकीकडून परतल्या, त्या सकाळी मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी वर बघितलं. "आज कीर्तन नाही वाटतं, बुवा?" एवढंच म्हणाल्या. सीटवरची टोपी उचलून पदराआड धरली नि डावीकडचं दार उघडून दिलं. वीस तास बसलो. चढावरसुद्धा!

त्यांनी आपलं खोटं खोडलं. माझं कुठल्या वहीत लिहिलंच नव्हतं, ते खोडू कुठे? म्हणून आज तुमच्यापुढे बोललो. आता टाळ जरा धरून ठेवा. तुमच्या आळीतही असं एकट्या माणसाचं दार असेल. उद्या तिथून कुणी आलं, अर्धा तास मागितला, तर काय सांगाल? ते आधी मनात ठरवा, मग घेऊ हरीचं नाव.