भैय्याजीच्या मोटारीतला रेडिओ

— मंग, तिकडं कुलूप हाये म्हून काय झालं, इथं बसा ना जी. आनंदाबाई बाजारात गेली, येईनच. अन् पोराची चौकशी त्याच्या मायपाशी थोडीच करतेत? ते शेजारनीपाशीच करा लागते. सेलूहून आले तुम्ही, पोरीचे बाप — बराबर घरी आले. भैय्याजी ना? हिरा हाये हिरा! बिडी नाई, सुपारी नाई. माह्या मनानं तं या वैशाखातच उरकून टाका. अन् डोकं? काय सांगू तुमाले! घरचा रेडिओ — हा एवढा, लाकडी पेटीचा, बॅटरीवरचा, माय सैपाक करता करता भजन ऐके त्याच्यावर — तो उचलला अन् मोटारीत नेऊन बसवला! मांगच्या सीटवर, गादीवर, दोरीनं बांधून, जसे काई आजारी मामंजीच. टपावर वेळू, वेळूले तार. आता घरी आवाज साफ याले दुसरी एक तार राहे जमिनीत गाडलेली, माय तिले रोज तांब्याभर पानी घाले. मोटारीत जमीन कुठची? तं यानं तेलाच्या डब्यात काळी माती भरली, तार खुपसली, अन् डबा ठेवला पायापाशी! रोज पानी घालते. मी म्हटलं, बाबू, धने बी पेर त्याच्यात, सांबार-कोथिंबीर तरी खायाले भेटन!

वाजते का म्हन्ता? वाजते ना, काऊन नाई वाजन? फक्त मोटार चालू असली की नुसती खरखर, चने भाजल्यासारखी. म्हून इंजिन बंद करा लागते. मंग गानं कसं साफ! पन ते बी मोटारीच्याच बॅटरीवर — दोन-चार गाने झाले का बॅटरी बसली, मोटार मुकी. मंग ढकला!

कुठं उभी करते? दूर नाई जी, सेवाग्रामच्या वाटेवर, शाळेच्या बाईच्या खोलीसमोर — तिथं सावली हाये ना. हो, संध्याकाळीच जाते. आता संध्याकाळी सावली कायले पाहिजे म्हना… पन जागा सपाट हाये! अन् एकट्यानं कशी ढकलन? तो आत चाक धरून बसते, मांगून ते शाळेची वच्छला ढकलते — पदर खोचून, खदखदा हासत. रोज! मी सोता पाह्यलं, एरंडाच्या आडून —

वच्छला म्हन्जे… कोन वच्छला? मी नाव घेतलं?

असे पाहू नोका माह्याकडं.

उठा जी तुम्ही. आनंदाबाई यायच्या आत निघा. पोरीसाठी दुसरं घर पाहाजा. त्या मोटारीले ढकलाले एकच मानूस लागते.